सत्ताविसाव्या पानावरची सही

आमच्या घरात कुठलंही यंत्र त्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून झाल्याशिवाय सुरू होत नसे. नियम नानांचा. नाना म्हणजे माझे वडील, जळगावच्या बस डेपोत मेकॅनिक. मिक्सर आला तेव्हा तो तीन दिवस खोक्यासकट ओट्यावर बसून होता, कारण पुस्तिकेतली मराठीची चार पानं छापताना कोरी राहिली होती आणि हिंदीवरून वाचलेलं चालेल की नाही, यावर नानांचा निर्णय होत नव्हता. आई तोवर पाट्यावर ठेचा वाटत होती आणि वाटताना जेवढा आवाज व्हायला हवा त्यापेक्षा थोडा जास्त करत होती. शेवटी हिंदीवरून वाचलं. वाचायचं काम माझं, कारण घरात सगळ्यात लहान मी आणि उच्चार सगळ्यात स्वच्छ माझे. सतरंजी अंथरायची, यंत्र मधोमध ठेवायचं, आणि तीन बाजूंना नाना, आई आणि माझा मोठा भाऊ राहुल. 'ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नये' असं वाक्य आलं की नाना बोट वर करायचे. म्हणजे परत वाच. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. ती बैठक आणि आमची मिक्सरची बैठक यांत फरक एवढाच, की विहारात शेवटी खीर मिळायची.

लोकांना हे हसण्यासारखं वाटतं, म्हणून कारण सांगून टाकते. माझे आजोबा, असोद्याचे आबा, दुसऱ्याच्या शेतावर कामाला होते. तिथल्या कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनची पुस्तिका होती. ती मालकाच्या कपाटात होती. मालकाला वाचता येत होतं, पण मशीन मालक चालवत नव्हता. आबा चालवत होते, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. पुढे छापील सूचना वापरणाऱ्याच्या हातात असाव्यात म्हणून मी बरीच पत्रकं काढली, अजून काढते. दर वेळी चार पानं भरतात, आणि या सहा वाक्यांत नाही असं त्यांत फारसं काही नसतं.

नानांचा दुसरा नियम सहीचा होता. डेपोत वर्कशॉपच्या जाड पुस्तकातलं एखादं पान दुसऱ्या कागदावर उतरवलं की खाली दोन सह्या लागत. एक 'नक्कल केली' त्याची, दुसरी 'तपासली' त्याची, आणि तारीख. तपासणाऱ्याने मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. एकदा एका साहेबाने न पाहिलेल्या गाडीच्या ब्रेकखाली सही करायला सांगितलं तेव्हा नानांनी पेन खिशात ठेवलं आणि सहा महिने दुसऱ्या डेपोत काढले. घरी त्याची कधी फुशारकी मारली नाही. आई मात्र भांडण झालं की आठवण करून द्यायची, "सही केली असती तर हात झिजला असता का?" नाना म्हणायचे, "हात नाही." पुढचं बोलायचे नाहीत. वाक्य तिथेच संपायचं आणि आईला त्याचा जास्त राग यायचा.

व्हिडिओ गेम आमच्याकडे धुळ्याच्या मामाकडून आला. मामा सरकारी कचेरीत क्लार्क. त्याच्या मुलाला नवं मशीन मिळालं, म्हणून जुनं आमच्याकडे. सोबत कुस्तीचा एक गेम होता आणि त्याच्या खोक्यात बत्तीस पानांची गुळगुळीत रंगीत पुस्तिका. नानांनी ती हातात घेऊन आधी वजन पाहिलं, मग शिलाई पाहिली. "चांगलं काम आहे," म्हणाले. पुस्तिका इंग्रजीत, म्हणून मी एक वाक्य वाचायचे आणि राहुल मराठी सांगायचा. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की चमकणाऱ्या उजेडाने काही जणांना फिट येऊ शकते, घरात कोणाला हा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारावं. नानांनी वाचन थांबवलं आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. आईला विचारल्यावर ती म्हणाली, "लग्नाला अठरा वर्षं झाली, आता विचारताय?" दर तासाला पंधरा मिनिटं विश्रांती घ्यावी असंही होतं, म्हणून टीव्हीवर गजराचं घड्याळ आलं. पुढे एकेका पैलवानाची माहिती होती, फोटोसकट. आईला तेवढा भाग फार आवडला. एक दाढीवाला होता, त्याचं सगळं कुटुंब कोणीतरी देशोधडीला लावलेलं. आई म्हणाली, "मग याला बाकीच्यांनी मारायचं कशाला? याला तर आधी जेवू घाला." त्यानंतर राहुल त्या दाढीवाल्याला घेऊन हरला की आई आत जाऊन भाकऱ्या थापायची, बाहेर बघायची नाही.

वर्षभराने मामाने राहुलला दहावीच्या निकालाबद्दल नवा गेम दिला. मालट्रकचा. दोघांनी मिळून खेळायचा. एक जण गाडी चालवणार, दुसरा नकाशा आणि माल सांभाळणार. राहुलने खोकं उघडलं. आत तबकडी होती आणि बसच्या तिकिटाएवढी एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, पुस्तिका आमच्या वेबसाइटवर पाहा. नानांनी खोकं हातात घेतलं, उलटं करून हलवलं. मग चिठ्ठी परत वाचायला लावली.

"म्हणजे पुस्तक त्यांनी स्वतःच्याच घरी ठेवलंय," नाना म्हणाले.

"नाना, ते नेटवर आहे. कोणीही बघू शकतं."

"आपल्या घरी नेट आहे?"

"नाही."

"मग कोणीही म्हणजे कोण?"

राहुल खोक्याची झाकणं लावू लागला. या एका प्रश्नावर माझी सगळी चळवळ चालली आहे. आता माझ्या भाच्याच्या गेममध्ये ती चिठ्ठीसुद्धा नसते. खोकंसुद्धा नसतं. पडद्यावर एक बाण येतो आणि 'हे दाबा' म्हणतो, आणि भाचा दाबतो. त्याला नियम माहीत नसतात, फक्त पुढचं बटण माहीत असतं. रेशनचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, विजेचं मीटर, सगळ्यांनी आता हीच पद्धत उचलली आहे. सूचना पडद्यावर आहेत. पडदा कोणाचा, तो उद्या काय दाखवेल, काल काय दाखवत होता, हे विचारलं की समोरचा माणूस माझ्याकडे मी दगड मारल्यासारखा बघतो. छापलेल्या कागदात चूक असते, हे मला कोणी शिकवायला नको. पण ती चूक काल होती तशीच आज असते. तिच्याकडे बोट दाखवता येतं.

तर पुस्तिका नाही म्हणून गेम बंद. राहुल दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नानांनी तोडगा काढला. प्रज्ञाने म्हणजे मी सायबर कॅफेत जावं, वेबसाइटवरची पुस्तिका छापून आणावी. आमच्या गल्लीच्या टोकाला गोकुळभाऊचा कॅफे होता. गोकुळभाऊ मूळचा पारोळ्याकडचा, बोलणं अहिराणी, आणि अंगात कायम तोच एक पिवळा टी-शर्ट.

"प्रिंटर शे, पण शाई नही," तो म्हणाला.

"कधी येईल?"

"माले काय माहीत. दिवाळीपासून नही."

मी घरी येऊन सांगितलं. नानांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली आणि म्हणाले, "उतरव. आणि प्रत्येक पानाखाली तारीख, तुझी सही, आणि ज्याने पडदा पाहिला त्याची सही." मी चौदा वर्षांची होते. दुपारची शाळा सुटली की कॅफेत बसायचे आणि पडद्यावरचं एकेक पान वहीत उतरवायचे, डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर माझं मराठी. आकृत्यासुद्धा काढल्या. ट्रकचं स्टिअरिंग मला शेवटपर्यंत जमलं नाही, ते भाकरीसारखंच यायचं. पान संपलं की वही गोकुळभाऊसमोर धरायची. सगळ्या पानांवर सही हवी म्हटल्यावर पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बठ्ठा पानंसवर सही करू? मी काय तहसीलदार शे का?" तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला त्याची चटक लागली. पडद्याशी वही लावून ओळीवरून बोट फिरवायचा, इंग्रजी फारसं येत नसताना, आणि एका पानावर मी 'दाबू नये'मधला 'नये' गाळला होता तो त्याने आकृतीवरून पकडला. मग लफ्फेदार सही. सह्या करताना तो खरोखर तहसीलदारासारखा दिसायचा.

सत्ताविसाव्या पानाला लाइट गेली. स्पर्धेत खेळायचं असल्यास काय नियम, असं ते पान होतं. मी वरचा अर्धा भाग उतरवला होता. शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या, त्या एकदा नजरेखालून गेल्या होत्या. पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि गोकुळभाऊ शिव्या देत मागे जनरेटरकडे गेला. दोर ओढण्याचा आवाज येत राहिला, जनरेटरचा आला नाही. "उद्या ये," तो आतून ओरडला. उद्याचा दिवस रविवार होता, आणि रविवारी वाचन ठरलं होतं. राहुलने मित्रांना सांगून टाकलं होतं. पुढची पानं फक्त तक्रारीसाठी कुठे लिहावं याची होती, ती नंतर उतरवली असती तरी चाललं असतं. पण सत्ताविसावं अर्धं ठेवून नानांसमोर बसणं शक्य नव्हतं. मी घरी आले, मोरीजवळच्या पायरीवर बसले आणि त्या चार ओळी आठवून लिहिल्या. ट्रक उलटला तर एक बटण दाबून तो परत रस्त्यावर उभा करता येतो, हे बटण स्पर्धेत एका फेरीत एकदाच वापरता येईल, दुसऱ्यांदा वापरल्यास फेरी बाद. माझी स्मरणशक्ती चांगली होती. शाळेत सगळेच तसं म्हणायचे. खाली तारीख घातली, माझी सही केली. तपासणाऱ्याची जागा रिकामी राहिली.

रविवारी विहारातून आल्यावर वाचन झालं. आईने डुबुकवडे केले होते. सत्ताविसाव्या पानाखालची रिकामी जागा वाचताना मलाच दिसत होती; नानांनी बोट वर केलं नाही, मान हलवली फक्त. "बरोबर आहे," म्हणाले. "उलटलेली गाडी एकदा उभी करता येते. दोनदा उलटवणाऱ्याला गाडी द्यायचीच कशाला." मग गेम सुरू झाला आणि नाना कामावरून आल्यावर मागे खुर्ची टाकून बसू लागले. राहुलने घाटात वेग वाढवला की म्हणायचे, "ब्रेकचे लायनर गेले." राहुल म्हणायचा, "नाना, गेममध्ये लायनर नसतात." नाना म्हणायचे, "म्हणूनच गेले ते कळत नाही तुला." राहुल चालवायचा, मी नकाशा आणि माल. वही माझ्या मांडीवर. सत्ताविसावं पान कॅफेत जाऊन ताडायचं मात्र राहून गेलं. दोन महिन्यांत आम्हाला ती वही तोंडपाठ झाली.

धुळ्यात एका तरुण मंडळाने या गेमची स्पर्धा ठेवली, मामाने अर्ज भरून टाकला. अर्जाच्या पाठीमागे एकच ओळ होती, वाद झाल्यास गेमच्या पुस्तिकेप्रमाणे निर्णय होईल. ती वाचून नानांनी रजा टाकली. आम्ही सकाळच्या बसने गेलो. मामीने शेवभाजी केली होती, तिखट एवढं, की राहुलचे कान लाल झाले, आणि मामा नानांना म्हणत होता, "दाजी, पोरांच्या गेमसाठी रजा? साहेबाला कारण काय सांगितलं?" "पुस्तिकेचं काम," नाना म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीवर पांढरा पडदा, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळी मुलं. मुलगी मी एकटी. अंतिम फेरीत धुळ्याचीच दोन मुलं आमच्यासमोर आली, दोघांच्या केसांना एकाच न्हाव्याचा हात लागलेला. ती वाऱ्यासारखी खेळत होती. तीनदा त्यांचा ट्रक उलटला, तीनदा त्यांनी बटण दाबून उभा केला, आणि आमच्या आधी पोचली. टाळ्या वाजल्या. मी वही घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, "हरकत आहे."

मंडळाचे अध्यक्ष हेमंतभाऊ, तिशीतले, शांत माणूस. त्यांनी हरकत लेखी द्या म्हणून कागद दिला. आयुष्यातला पहिला अर्ज मी त्या दिवशी लिहिला. 'नियम सर्वांना सारखा असावा' असं मी वर ठळक लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती सवय गेलेली नाही. मागून पोरं ओरडत होती, "गेमने जिंकवलं ना त्यांना, आता काय!" मी म्हटलं, "गेमला काय कळतं?" हेमंतभाऊंनी लॅपटॉपवर वेबसाइट उघडली आणि पुस्तिका भिंतीवर दाखवली. स्पर्धेच्या नियमांत लिहिलं होतं, बटण कितीही वेळा वापरा, दर वेळी दहा सेकंद दंड. तीस सेकंद धरूनही ती पोरं आमच्या पुढे होती.

हॉलमध्ये हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, "हिने घरीच लिवेल शे." दोन महिन्यांपूर्वी तिथे हेच लिहिलं होतं का? मला आठवत होतं ते वेगळं होतं. की मला माझी वहीच आठवत होती? दोन महिने वाचून वाचून पडदा पुसला गेला होता आणि वही उरली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वेबसाइटवाल्यांनी बदललंय." आवाज एवढा चढा होता, की माझाच विश्वास बसला.

हेमंतभाऊंनी वही मागून घेतली. पानं चाळली, तारखा पाहिल्या, गोकुळभाऊच्या सह्या पाहिल्या. हसणं हळूहळू थांबलं. "हे काम नीट आहे," ते म्हणाले. "नेटवरचं बदलतं, हे खरं. स्पर्धेचा अर्ज निघाला तेव्हा जो नियम होता तो धरला पाहिजे. पण या पानावर दुसरी सही नाही. बाकी सगळ्यांवर आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "काका, हे पान पडद्यावर कोणी पाहिलंय?"

राहुल खाली बघत होता. मी नानांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नाही म्हणा. खरंच म्हणत होते, की आता आठवून लिहिते आहे, हेही सांगता येणार नाही. नाना उठले. खिशातून पेन काढलं. त्यांनी तो कॅफे आतून कधी पाहिलेला नव्हता.

"मी पाहिलंय," नाना म्हणाले, आणि 'तपासली' लिहून सत्ताविसाव्या पानावर सही केली. मग माझ्या अर्जावरही केली. पेन खिशात ठेवलं.

त्यांची फेरी बाद ठरली, आम्ही जिंकलो. स्टीलचा कप होता, दोन कानांचा. धुळ्याची पोरं मोटरसायकलवर बसून निघून गेली. मामाने आम्हाला स्टँडवर सोडलं. बसमध्ये राहुल खिडकीशी कप घेऊन बसला, मी मधे, नाना कडेला. नानांच्या पलीकडे पारोळ्याचे एक म्हातारे गृहस्थ होते, बाजार करून परत निघालेले. नाना अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी स्वतःहून बोलले. वही उघडून दाखवली. "ही माझी मुलगी. बठ्ठं हिने उतरवलंय. एक अक्षर चुकत नाही. आज एका अख्ख्या हॉलने हिला खोटं पाडायला पाहिलं." म्हातारबाबा पान बघून म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं शे." नानांनी तेच पान परत परत उघडून अंगठ्याने सरळ केलं. सत्ताविसावं.

"नाना," मी म्हटलं. "त्या पानावर लाइट गेली होती."

"कुठल्या?"

"हातात आहे त्या. शेवटच्या चार ओळी मी घरी लिहिल्या. आठवून."

राहुलने कप मांडीवरून खाली, पायाजवळ ठेवला. नानांनी वही मिटली. म्हातारबाबा दुसरीकडे बघू लागले, त्यांना सगळं कळलं होतं.

"तुला काय वाटतं? बरोबर आठवलं होतं?"

"तेव्हा वाटत होतं."

"आता?"

"माहीत नाही."

पारोळ्याला बस थांबली तेव्हा नाना उठले आणि म्हणाले, "उतरा." राहुल म्हणाला, "नाना, जळगावचं तिकीट आहे!" नाना खाली उतरूनही गेले होते. आम्ही रस्ता ओलांडून धुळ्याकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभे राहिलो. राहुल मला हळूच म्हणाला, "घरी जाऊन सांगता आलं नसतं का तुला, महाराणी?" मी रडत होते, पण रागाने. आमची बाजू बरोबर असू शकत होती. नेटवरचं बदललेलं असू शकत होतं. मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "असू शकतं. मग तसं लिहू."

हॉलमध्ये खुर्च्या एकात एक रचून झाल्या होत्या. हेमंतभाऊ झाडू मारत होते. नानांनी चप्पल दाराशी काढली, जी सकाळी काढली नव्हती, आणि म्हणाले, "मी न पाहता सही केली. ती खोडायची आहे."

"काका, राहू द्या हो. पोरांचा गेम आहे."

"गेम पोरांचा आहे. सही माझी आहे."

हेमंतभाऊंनी माझा अर्ज शोधून दिला. नानांनी आपल्या सहीवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं, 'मूळ पान मी पाहिलेले नाही. शेवटच्या चार ओळी स्मरणातून. मूळ काय होते, याची खात्री नाही.' तारीख, सही. हेमंतभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि फोन केला. अर्ध्या तासाने धुळ्याची ती दोन पोरं आली. नानांनी कप त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, क्रमाने, वर्कशॉपमध्ये बिघाड सांगतात तसं. पोरं गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली.

"तुमच्या बाजूचा नियम भिंतीवरचा," नाना म्हणाले. "तो तुम्ही कधी वाचलात? आमच्या आधी की नंतर? तेवढं कळलं तर बरं होईल."

त्यांतला उंच मुलगा म्हणाला, "आम्ही नियम वाचेलच नही, काका."

"मग खेळलात कसे?"

"खेळून."

नानांनी त्याच्याकडे बिनतेलाच्या इंजिनकडे बघतात तसं पाहिलं. मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण तो मुलगा आता धुळ्यात दुकान चालवतो आणि माझी पत्रकं दर्शनी भागात ठेवतो.

परतीच्या बसमध्ये जागा मागे मिळाली. पारोळा गेल्यावर नाना एकदाच, समोरच्या सीटकडे बघत म्हणाले, "खेळून!" राहुलला हसू आवरेना, मग मलाही. घरी आईने दार उघडलं, तिघांचे रिकामे हात पाहिले आणि म्हणाली, "हरलात?" नाना म्हणाले, "आधी जिंकलो." आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिने पुढचं विचारलं नाही. ताटं घेतली.

वही दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात सापडली. मी सत्ताविसावं पान उघडलं. अर्जावर मारली तशी रेघ इथेही असेल, असं धरून चालले होते. शेवटच्या चार ओळींच्या बाजूला, समासात, नानांच्या अक्षरात 'प्रज्ञाच्या स्मरणातून' लिहिलं होतं आणि कालची तारीख होती. खाली 'तपासली' होतं. सही होती. ती त्यांनी खोडली नव्हती.